मदत हवी आहे: आईच्या फोनवरच्या जाहिराती पूर्ण बंद होत नाहीत
आईचा फोन अँड्रॉइड १३ चा, सीताबर्डीतून घेतलेला. मागच्या आठवड्यात तिला गुडघ्यासाठी धंतोलीत डॉक्टरांकडे नेलं आणि संध्याकाळपासून फोनभर गुडघ्याचे पट्टे, तेलं, ऑपरेशनचे हप्ते! (फोन आपलं बोलणं ऐकतो वगैरे मला वाटत नाही. दवाखान्याचा पत्ता मीच तिच्या फोनवर शोधला होता.)

सेटिंग्जमध्ये गूगल, मग ॲड्स, तिथे जाऊन ॲडव्हर्टायझिंग आयडी (जाहिरातवाले फोन ओळखतात तो क्रमांक) डिलीट केला. माय ॲड सेंटरमध्ये पर्सनलाइज्ड ॲड्स बंद केल्या, वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटीही (गूगल ठेवतं ती शोधांची नोंद) थांबवली. लोकेशन फक्त नकाशाला, तेही वापरताना. ब्राउझरमधले गुडघे गेले. साध्या जाहिराती येतच राहणार, त्याचं काही नाही. पण लॉक स्क्रीनवर आणि फोन कंपनीच्याच फाइल मॅनेजरमध्ये त्याच दिसतात, म्हणजे तिथला कारभार वेगळा असावा.

फॅक्टरी रीसेट नको, रूट (सिस्टिमचा पूर्ण ताबा घेणं) तर नाहीच. यूपीआय आणि पेन्शनच्या बँकेचं ॲप याच फोनवर आहे.

कंपनीच्या ॲप्समधल्या जाहिराती साधारण कुठल्या सेटिंगमधून बंद होतात? आणि प्रायव्हेट डीएनएसमध्ये (साइटचे पत्ते कुठल्या सर्व्हरकडून शोधायचे, ती फोनची सेटिंग) जाहिराती अडवणारा सर्व्हर टाकला तर यूपीआय अडतं का, कोणी वापरून पाहिलंय?