मदत हवी आहे: फायनल फँटसी टेनमधला सीमोर फ्लक्स

मंडळी, 2001 सालचा हा व्हिडिओ गेम मी पहिल्यांदाच खेळतोय, रीमास्टर आवृत्तीत. गागाझेट पर्वतावर सीमोर फ्लक्स या बड्या शत्रूपाशी येऊन पार अडकलोय. त्याचे एचपी (जीवनशक्तीचे गुण) 70,000, पण खरा त्रास तो नाही. तो भाल्याने एखाद्याला झोंबी करतो आणि लगेच त्याच्या जोडीचा शत्रू मॉर्टिऑर्किस त्याच झोंबीवर फुल-लाइफ टाकतो. जिवंत करणारा मंत्र झोंबीला मारतो, त्यामुळे माणूस जागेवरच गार. मध्ये माझी पाळी आली तर झोंबीपण घालवणारं होली वॉटर वापरता येतं, नाहीतर संपलं. माझ्या गटातल्या युनाने एऑन (मदतीला येणारा शक्तिशाली जीव) बोलावला तर त्याला एकच चाल मिळते, मग सीमोर त्याला हाकलून देतो.

आता प्रश्न. सीमोरला विष लागतं, म्हणून गटातल्या लुलूला आधी बायो हा विषाचा मंत्र शिकवावा का? की 30 होली वॉटर खर्चून चिलखतावर झोंबी वॉर्ड (झोंबी होण्यापासून बचाव) बसवावा? दोन-तीन जणांसाठी तेवढा गिल (गेममधले पैसे) माझ्याकडे नाही. गटातल्या टायडसकडे एकाचा वेग वाढवणारा हेस्ट मंत्र आहे, सगळ्यांचा वाढवणारा हेस्टेगा अजून लांब आहे. आणि टोटल ॲनिहिलेशन हा सगळ्यांवरचा मोठा हल्ला येतो तेव्हा सगळ्यांनी डिफेंड करून भागतं का, की प्रोटेक्ट, शेल हे दोन्ही बचावाचे मंत्र लागतात?

पाळीपाळीची लढाई मला फार आवडते, पुढची चाल कोणाची ते समोर दिसतं आणि शांतपणे विचार करता येतो. म्हणून नुसतं लेव्हल वाढवून जिंकायचं नाहीये, डाव समजून जिंकायचंय. तुम्ही कोणते तिघे घेऊन सुरुवात केली होती तेही सांगा. फक्त पुढची कथा कृपया कोणी फोडू नका.