बॉब फॉसी: दिग्दर्शक मिळाला, पण नाच गेला?

पायपेटी:
अमेरिकेच्या बॉब फॉसीला सिनेमा-नाटकांचा दिग्दर्शक म्हणून सगळे डोक्यावर घेतात. माझी तक्रार तिथेच आहे. हा माणूस मुळात नाचणारा. शिकागोत शाळकरी वयातच स्टेजवर टॅप नाच करून पैसे कमवायला लागलेला, एमजीएम या हॉलिवुडच्या स्टुडिओकडे गेला तो नट-नर्तक व्हायला. १९५३च्या 'किस मी केट' सिनेमात कॅरल हेनी या नर्तकीबरोबरचा त्याने स्वतः बसवलेला छोटासा तुकडा बघा. दोघं डोक्यापासून पायापर्यंत दिसतात आणि आपले डोळे हलत नाहीत. पुढे दिग्दर्शक झाल्यावर यानेच नाचाची खांडोळी केली. त्याच्या 'कॅबरे' सिनेमात आधी मांडी, मग प्रेक्षकाचं तोंड, मग रंगवलेली पापणी. पावलं कुठायत? जुन्या संगीतपटांचा नाचणारा नायक फ्रेड अ‍ॅस्टेअर अख्खं शरीर चौकटीत हवं म्हणून अडून बसायचा ते उगाच नाही. आज आपल्या गाण्यांत सारखे कट मारतात, त्यामुळे नाच न येणारेही खपून जातात. या पापाचा धनी फॉसी.

तिकीटबारी:
पापाचा धनी वगैरे फार होतंय हो. एमजीएमच्या संगीतपटांचा जमाना तेव्हा उतरणीला लागला होता आणि फॉसीचे केस त्याहून वेगाने. हॉलिवुडात थांबला असता तर नायकाचा मित्र करत म्हातारा झाला असता. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर गेला म्हणून 'द पजामा गेम' (१९५४) हे संगीत नाटक झालं. टक्कल झाकायला टोपी, पाऊल आत वळतं म्हणून गुडघेही आत. स्वतःच्या उणिवांची शैली करून ती दुसऱ्यांच्या अंगावर चढवली! १९७३ या एका वर्षात सिनेमाचं ऑस्कर, नाटकाचं टोनी आणि टीव्हीचं एमी, तिन्ही दिग्दर्शनासाठी. ऑस्करला मागे कोण पडलं? 'गॉडफादर'वाला कपोला.

पायपेटी:
बक्षिसं मोजून नाच सिद्ध होत नाही. (कपोलावर अन्याय झाला असं मला वाटतं, पण त्यासाठी वेगळा धागा काढा.)

कात्रीबाज:
धागाकर्त्यांशी सपशेल असहमत. फॉसीचा नाच मुळातच बारीक आहे. मनगट मोडणं, एक खांदा उचलणं, बोटं पसरणं. नाट्यगृहात विसाव्या रांगेतल्याला त्यातलं निम्मं दिसत नाही. कॅमेरा जवळ न्यायलाच हवा. 'कॅबरे'तला एक प्रसंग आठवा: स्टेजवर बव्हेरियन पोशाखात एकमेकांना थपडा मारायचा विनोदी नाच, आणि बाहेर नाझी गुंड क्लब चालवणाऱ्याला बडवतायत. टाळी, थप्पड, ठोसा सगळं एका ठेक्यात. ठेका अंगात मुरल्याशिवाय असा कट सुचत नाही. नाच येत नाही हे लपवायला कट मारणारे नंतर आले, त्यांचं बिल फॉसीच्या नावावर का?

पायपेटी:
तो प्रसंग मान्य. पण 'कॅबरे'च्या तीन वर्षं आधीचा त्याचाच 'स्वीट चॅरिटी' बघा. झूम मारायची नुसती हौस! पडला तो सिनेमा.

मधली रांग:
फॉसीची नर्तकी बायको ग्वेन व्हर्डन, तिचं नाव कुणीच घेत नाही, कमाल आहे. अभिनयाच्या चार टोनी मिळवलेली बाई. 'स्वीट चॅरिटी' आधी नाटक होतं, त्यातली रंगमंचावरची पहिली चॅरिटी तीच. सिनेमात भूमिका गेली शर्ली मॅकलेनकडे. तरी तिने सेटवर त्याला मदत केली, 'कॅबरे'च्या वेळी जर्मनीतही गेली. तुम्ही ज्याला फॉसीची शैली म्हणता ती अर्धी तिच्या अंगावर घडली. आणि फॉसीने स्वतःच्याच आयुष्यावर बेतलेला 'ऑल दॅट जॅझ' (१९७९) ही मला तरी स्वतःची स्वतः ओवाळलेली आरती वाटते. कान चित्रपट महोत्सवात कुरोसावाच्या 'कागेमुशा'बरोबर पाम द'ओर हे सर्वोच्च बक्षीस मिळालं असलं तरी.

कात्रीबाज:
व्हर्डनबद्दल +१. आरतीबद्दल नाही. आरती ओवाळणारा नायकाला इतका खोटारडा दाखवत नाही.

पायपेटी:
शेवटचं सांगतो. १९७४च्या 'द लिटल प्रिन्स'मध्ये फॉसी साप झालाय, दिग्दर्शक स्टॅनली डोनन. पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस, काळा पोशाख, टोपी, वाळवंट. नजर हटत नाही. असे आणखी चार नाच मिळणार असते तर मी फॉसीने दिग्दर्शित केलेला 'स्टार ८०' सोडून दिला असता.

तिकीटबारी:
'स्टार ८०' घेऊन जा खुशाल. 'कॅबरे' मागितलात तर मात्र भांडण.