मदत हवी आहे: पहिला चांगला ओव्हर-इअर हेडफोन, ओपन-बॅक की क्लोज्ड-बॅक?

आजवर साध्या इअरफोनवर भागवलं. आता कान पूर्ण झाकणारा, वायरवाला हेडफोन घ्यायचाय. ब्लूटूथ, माइक, नॉइज कॅन्सलिंग काही नको. बजेट बेताचं आहे, तेव्हा सगळे पैसे आवाजालाच जाऊ देत.

ऐकणं घरीच, बहुतेक रात्री, मुख्यतः शास्त्रीय गायन. मित्राचा क्लोज्ड-बॅक (कप मागून बंद असलेला) लावून पाहिला. डग्गा मस्त भरीव, पण तानपुरा गायकाच्या अगदी अंगावर आल्यासारखा वाटला. शिवाय मला चष्मा आहे. थोड्याच वेळात काडी कानामागे रुतायला लागली. (मित्र म्हणतो सवय होईल. त्याला चष्मा नाही.)

वाचून वाचून यादी दोनवर आणलीय: सेनहायझर एचडी 560एस, म्हणजे ओपन-बॅक (कप मागून उघडे, जाळीचे), 120 ओहम (हा विद्युत अवरोध; जास्त असला की वाजवायला सहसा जास्त जोर लागतो), आणि बायरडायनॅमिक डीटी 770 प्रो, क्लोज्ड-बॅक, 80 ओहमवाला. दोन्ही प्रत्यक्ष लावून बघायची सोय नाही. लावणार लॅपटॉपला किंवा फोनच्या साध्या टाइप-सी डोंगलला. वेगळा अ‍ॅम्प (हेडफोनला जोर पुरवणारं यंत्र) आत्ता तरी शक्य नाही.

खोलीत दुसरं माणूस झोपलेलं असतं, आणि ओपन-बॅकमधून आवाज बाहेर येतो हे माहीत आहे. पण हळू आवाजात ऐकलं तरी झोपमोड होण्याइतका येतो का? आणि 120 ओहमचा हेडफोन नुसत्या डोंगलवर नीट वाजतो का? चष्मेवाल्यांनी तर जरूर सांगा, या दोन्हींत कानांना कमी त्रास कुठल्याचा?