कॉलेजच्या टॅबवर तारीख मागे जाते, प्रशिक्षणाचं पोर्टल उघडत नाही. मदत हवी आहे

ऑफिसकामासाठी कॉलेजनं दिलेला अँड्रॉइड टॅब आहे, सिम नाही. बॅटरी पूर्ण उतरली की तारीख थेट १९७० वर! मग वाय-फाय जोडलेलं असूनही पोर्टल ‘कनेक्शन खाजगी नाही’ म्हणत अडवतं. रीस्टार्ट केला, कॅशे साफ केली. ‘आपोआप तारीख’ चालूच आहे, हातानं बदलायची मुभा अ‍ॅडमिननं ठेवलेली नाही. गंमत म्हणजे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तारीख लगेच सुधारते. म्हणून संशय कॉलेजच्या फायरवॉलवर (नेटवर्कवरची ये-जा गाळणारी यंत्रणा).

फॅक्टरी रीसेट कृपया सुचवू नका. आधीच्या कर्मचाऱ्याचं गूगल खातं मागितलं तर वांधा होईल.

इंटरनेटवरून वेळ जुळवायला यूडीपी पोर्ट १२३ (नेटवर्कवरचा त्यासाठीचा ठरलेला मार्ग) लागतो ना? सिस्टीमवाल्यांना तेवढाच उघडायला सांगू, की आणखी काही लागेल?