जर्मनमध्ये दहा-बारा जणांना एकदम नमस्कार कसा करायचा?

रानपाखरू: पुढच्या महिन्यात म्युनिकच्या ऑफिसात रुजू होणार आहे. बारा जणांची टीम, काहींशी 'डू' (तू), काहींशी 'झी' (आदरार्थी तुम्ही). मीटिंगला खोलीत शिरल्यावर सगळ्यांना मिळून काय म्हणायचं? आणि ईमेलची सुरुवात?

जर्मन_शिक्षिका: 'हालो त्सुझामन' (सगळ्यांना नमस्कार) किंवा 'गूटन मॉर्गन त्सुझामन' (सगळ्यांना सुप्रभात). यात 'तू' की 'तुम्ही' हा प्रश्नच येत नाही, म्हणून मिश्र टीमला हेच योग्य. 'त्सु' म्हणजे 'चूक'मधला च, पुढचा झ 'जाड'मधल्या ज-च्या जवळचा, आणि जोर 'झा'वर. पहिल्या अक्षरावर जोर दिला की कानाला खटकतं.

'गूटन'मधला शेवटचा न गिळू नका. मॉर्गन (सकाळ), टाग (दिवस), आबंट (संध्याकाळ) तिन्ही पुल्लिंगी, शिवाय इथे द्वितीया लागते, म्हणून न. नाख्ट (रात्र) स्त्रीलिंगी, म्हणून 'गूटऽ नाख्ट'. पण ते झोपायला जाताना. रात्री आठच्या कार्यक्रमाला पोचलात तरी 'गूटन आबंट'च.

खोलीत दोघंच असतील तर 'त्सुझामन'पेक्षा दोघांची नावं घेतलेली बरी.

इझारकाठ: म्युनिकमध्ये 'झेर्वुस' खूप ऐकाल. ते 'डू'वाल्यांसाठी, येतानाही आणि निघतानाही. अनोळखी लोकांत, दुकानात 'ग्र्यूस गॉट'. डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये शिरताना बसलेल्या सगळ्यांना मिळून एकदा म्हणायचं आणि निघताना 'आउफ वीडरझेन'. गप्प बसून राहणं तिथे उद्धट वाटतं. हॅम्बुर्गला बदली झाली तर 'मॉइन', सकाळ असो वा रात्र.

दुपारी बाराच्या आसपास कॉरिडॉरमध्ये कुणी 'मालत्साइट' (जेवणाच्या वेळचा नमस्कार) म्हणालं तर उत्तरही 'मालत्साइट'. ग्राहकांसमोर मात्र ते नको.

हस्तांदोलन एकाशी केलंत तर टेबलावरच्या सगळ्यांशी करा, नजरेला नजर देऊन. दुसऱ्या दोघांच्या हातांवरून आडवा हात घालू नका, अशुभ मानतात. त्यांचं होईपर्यंत थांबा. बिअर हॉलमधल्या लांब टेबलावर वीस जण असतील तर बोटांच्या पेरांनी टेबलावर दोनदा ठकठक केलं की सगळ्यांना नमस्कार पोचला.

शुद्धलेखन: ईमेलचं सांगतो. 'हालो त्सुझामन', मग स्वल्पविराम, आणि पुढची ओळ लहान अक्षराने. पहिला शब्द नाम असेल किंवा आदरार्थी 'झी' असेल तरच मोठं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण फोन ते अक्षर आपोआप मोठं करतो. स्वित्झर्लंडला लिहिताना मात्र स्वल्पविराम सहसा टाकत नाहीत आणि पुढची ओळ मोठ्या अक्षराने सुरू होते.

'लीबऽ आलऽ' (प्रिय सर्व) हल्ली बरेच लिहितात, पण कित्येकांना ते खुपतं. 'लीबऽ कॉलेगिनन उंट कॉलेगन' (प्रिय सहकारी स्त्रिया आणि पुरुष) जरा लांब आहे, पण त्यावर कुणाचा आक्षेप येत नाही. 'झेर गएर्टऽ डामन उंट हेरन' (आदरणीय महोदया आणि महोदय) फक्त नावं माहीत नसतील तेव्हा. तिघांची नावं माहीत असताना ते लिहिणं म्हणजे नावं शोधायचे कष्ट घेतले नाहीत असा अर्थ निघतो. प्रत्येकाला स्वतंत्र ओळ द्या, वरिष्ठ आधी.

रानपाखरू: मिश्र टीमशी पुढे बोलताना 'ईर' ('डू'चं अनेकवचन) चालेल का?

जर्मन_शिक्षिका: सहकाऱ्यांत चालतं, एखाद्याशी एरवी 'झी' असलं तरी. समोर ग्राहक असतील तर सगळ्यांना 'झी'.