‘हाय गाइज’ऐवजी काय लिहावे?

प्रश्न (नदीकाठ):
मी दोन वर्षांपासून पिट्सबर्गमध्ये नोकरी करतो. रोज सकाळी कामाच्या गटात ‘हाय गाइज’ असे लिहिण्याची सवय जडली आहे. आमच्या आठ जणांत पाच स्त्रिया आहेत आणि त्यांतील एकीने परवा, न रागावता पण स्पष्टपणे, हा शब्द आपल्याला खटकत असल्याचे सांगितले. ‘डिअर ऑल’ लिहावे तर परिपत्रक काढल्यासारखे वाटते. आपल्या ‘मंडळी’सारखा, स्त्री-पुरुष भेद न करणारा आणि तरीही घरगुती वाटणारा शब्द इंग्रजीत आहे का?

उत्तर (जुनी वही):
‘फोक्स’ हा ‘मंडळी’ला सर्वांत जवळचा, नाहीतर नुसते ‘मॉर्निंग, ऑल’ही चालते. त्यांची हरकत मला रास्त वाटते. १६०५ साली लंडनचे पार्लमेंट स्फोटाने उडवण्याच्या कटात पकडल्या गेलेल्या गाय फॉक्सचे पुतळे दर ५ नोव्हेंबरला जाळत, त्या पुतळ्यांना ‘गाय’ म्हणत; ‘गाइज’ हे त्याचेच अनेकवचन. (देवनागरीत हे लिहिताना हसू येते खरे.) पुढे विचित्र पेहरावातल्या माणसाला आणि नंतर अमेरिकेत कोणत्याही पुरुषाला तेच नाव पडले. अनेकवचनात हा शब्द आज बराच सैल झाला असला, तरी ‘अ गाय कॉल्ड’ म्हटल्यावर फोन बाईचा होता असे कोणी समजत नाही.

उत्तर (वळचण):
मुळात दुखणे ‘यू’चे आहे. ‘दाउ’ हा एकवचनी ‘तू’ प्रचारातून गेल्यावर ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांना एकच शब्द उरला आणि ती उणीव बोलींनी आपापल्या परीने भरली: अमेरिकेच्या दक्षिणेत ‘यॉल’, आयर्लंडमध्ये ‘यूज’, तुमच्या पिट्सबर्गात ‘यिन्झ’. हे सारे लिंगनिरपेक्ष आहेत, परंतु बाहेरच्याने ‘यिन्झ’ लिहिले तर ती थट्टा वाटेल. एकाच अनोळखी व्यक्तीविषयी बोलताना ‘दे’ बेलाशक वापरा. कोणाची तरी छत्री राहिली, तर ‘समवन लेफ्ट देअर अम्ब्रेला’. हा वापर नवा नाही, चौदाव्या शतकापासूनचा आहे. नात्यांत मात्र इंग्रजी अडखळते. आपले ‘भावंड’ स्वयंपाकघरात ऐकू येते, ‘सिब्लिंग’ मात्र बहुधा अर्जावर भेटतो. भाचा, भाची, पुतण्या, पुतणी या सर्वांसाठी विसाव्या शतकात घडवलेला ‘निब्लिंग’ तर फारसा रुळलाच नाही. उलट ‘कझिन’ म्हटले की आपल्याला लगेच विचारावे लागते, मामेबहीण की चुलतभाऊ?

उत्तर (पाचवा बाक):
अमेरिकन मुली आपसांतही ‘यू गाइज’च म्हणतात, त्यामुळे हा शब्द सर्वांनाच टोचतो असे समजू नये. तथापि समोरच्या व्यक्तीने सांगितल्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

नदीकाठ:
सर्वांचे आभार. आज ‘मॉर्निंग, फोक्स’ लिहिले. ज्यांना खटकत होते त्यांनी अंगठा दाखवला. दुसऱ्या सहकारिणीने खाली लिहिले, ‘मॉर्निंग, गाइज’.