फंक्शनवर इंडेक्स टाकायचा का वेगळा कॉलम करायचा? माझं मत इंडेक्सच्या बाजूनं

मांजराकाठ (लातूर)

आमचं आडतवाल्यांचं आणि डाळमिलवाल्यांचं सॉफ्टवेअर आहे, खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस. शेतकऱ्यांच्या नावाचं टेबल दहा लाख ओळींच्या पुढं गेलंय. नाव शोधताना कुणी कॅपिटलमधी टाकतं, कुणी स्मॉलमधी, कुणी मागं दोन स्पेस सोडतं, त्यामुळं क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) लोअर (सगळं स्मॉल करणारं) आणि ट्रिम (कडेच्या स्पेस काढणारं) ही फंक्शनं लावावीच लागतात आणि ती लावली की नावावरचा साधा इंडेक्स (लवकर शोधायला लावून ठेवलेली यादी) कामातून जातो, कारण त्या इंडेक्समधी नाव जसंच्या तसं लावून ठेवलेलं असतं, लोअर केलेलं नाव प्लॅनरच्या (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाच्या) लेखी वेगळीच गोष्ट. मग अख्खं टेबल वाचत बसतं. उपाय सरळ आहे, त्या लोअर-ट्रिमवरच इंडेक्स टाका.

पण सध्या आमच्या ओळखीतल्या लई जणांनी एक नियमच करून टाकलाय की फंक्शन-बेस्ड इंडेक्स (असा फंक्शनच्या उत्तरावरचा, यालाच एक्स्प्रेशन इंडेक्स म्हणतात) नको, भरवशाचा नाही, कधी लागतो कधी लागत नाही. मला हे अजिबात पटत नाही. ओरॅकलनं ही सोय १९९९ च्या सुमारास आठ-आय मधी दिली, पोस्टग्रेसमधी एक्स्प्रेशन इंडेक्स २० वर्षांपेक्षा जुना आहे, मायएसक्यूएलमधीसुद्धा २०१८ ला ८.०.१३ पासून आला. एवढी जुनी सोय "भरवशाची नाही" म्हणायचं असंल तर आधी तो कामून लागला नाही ते तरी बघा.

मी पाहिलेल्या भानगडींत बहुतेक वेळा दोनच कारणं निघाली. एक, इंडेक्समधलं एक्स्प्रेशन आणि क्वेरीतलं एक्स्प्रेशन वेगळं. इंडेक्स लोअर-मग-ट्रिम असा आणि क्वेरी ट्रिम-मग-लोअर अशी. माणसाला उत्तर एकच दिसतं पण प्लॅनर गणित सोडवत नाही, तो रचना जुळवतो. दुसरं कारण म्हणजे इंडेक्स टाकल्यावर ॲनालाइझ (डेटाचे अंदाजी आकडे, म्हणजे स्टॅटिस्टिक्स, गोळा करणारी कमांड) चालवलंच नाही. साध्या कॉलमचे स्टॅटिस्टिक्स आधीपासून असतात, एक्स्प्रेशनचे नसतात, ते ॲनालाइझ झाल्यावरच गोळा होतात, आणि ऑटोव्हॅक्यूम (ॲनालाइझ आपोआप चालवणारी पोस्टग्रेसची सोय) नुसता नवा इंडेक्स आला म्हणून जागा होत नाही, त्याला ओळी बदलाव्या लागतात. तोवर पोस्टग्रेस गृहीत धरतो की वेगवेगळी नावं २०० असतील, म्हणजे दहा लाखांत एका नावाच्या ५००० ओळी. खऱ्या असतात चार-पाच. त्या ५००० च्या हिशोबानं तो जॉइनच (टेबलं जोडायची पद्धत) चुकीचा निवडतो आणि आपण म्हणतो इंडेक्स खराब.

माझं म्हणणं एवढंच की हत्यार चांगलं आहे, वापरायच्या आधी एक्सप्लेन ॲनालाइझ (क्वेरी खरी कशी चालली ते दाखवणारी कमांड) वाचायची सवय लावा.

बालाघाट_बीड

भाऊ, ॲनालाइझचं आणि एक्स्प्रेशन जुळवायचं तुमचं बरोबर आहे, त्यावर वाद नाही. माझा विरोध वेगळ्या ठिकाणी आहे. लोअर-ट्रिम लावायची वेळ आलीच का? डेटा आत घेतानाच साफ करा की! नाव आलं, ट्रिम केलं, शोधायच्या कॉलममधी साफ रूप ठेवलं, त्या कॉलमवर साधा इंडेक्स. क्वेरी लिहिणाऱ्या पोराला कोणतं फंक्शन आधी कोणतं नंतर हे लक्षात ठेवायची गरजच नाही. तुमच्या पद्धतीत दहा क्वेऱ्या दहा जणांनी लिहिल्या तर दहाही ठिकाणी तेच एक्स्प्रेशन अक्षरशः तसंच पाहिजे, आणि एकानं चुकवलं तर एरर येत नाही, नुसतं हळू होतं. एरर न येणारी चूक सगळ्यात वाईट.

आणि तारखांसाठी हे जे चालायलंय ते तर बंदच व्हायला पाहिजे. आजच्या पावत्या पाहिजेत म्हणून टाइमस्टॅम्पवर (तारीख-वेळेच्या कॉलमवर) डेट फंक्शन आणि त्याच्यावर इंडेक्स. अहो, आजच्या सुरुवातीपासून उद्याच्या सुरुवातीच्या आत असं लिहा, साधा इंडेक्स लागतो. फंक्शनची गरजच नाही.

मांजराकाठ (लातूर)

तारखेचं शंभर टक्के मान्य. शिवाय टाइमझोनवाल्या टाइमस्टॅम्पवर नुसतं डेट फंक्शन लावलं तर पोस्टग्रेस इंडेक्स करूच देत नाही, म्हणतं फंक्शन इम्युटेबल (तेच दिलं की कायम तेच उत्तर देणारं) पाहिजे, कारण एकाच क्षणाची तारीख सेशनच्या टाइमझोनप्रमाणं बदलते. आशिया-कोलकाता असा झोन एक्स्प्रेशनमधीच ठरवून दिला तर चालतं, पण रेंज लिहिणं सोपं.

साफ कॉलमचं मात्र मान्य नाही. चालू टेबलात स्टोअर्ड जनरेटेड कॉलम (डेटाबेस स्वतः काढून साठवतो असा) वाढवला तर अख्खं टेबल नव्यानं लिहिलं जातं आणि तेवढा वेळ टेबल पूर्ण लॉक. सोयाबीनची आवक जोरात असताना मार्केट यार्डातल्या दुकानदाराला थांबा म्हणणार का? इंडेक्स मात्र कॉन्करंटली (टेबलाचं काम न थांबवता) करता येतो, पावत्या फाटत राहतात. मधीच फेल गेला तर इनव्हॅलिड इंडेक्स मागं राहतो, तेवढं पीजी-इंडेक्स कॅटलॉगमधी (पोस्टग्रेसच्या इंडेक्सच्या नोंदीत) इंडिसव्हॅलिड कॉलम बघून ड्रॉप करायचं आणि परत करायचं. आणि युनिकचं काय? एकच ईमेल कॅपिटल-स्मॉल बदलून दोनदा येऊ नये यासाठी लोअरवर युनिक इंडेक्स, एका ओळीत काम होतं.

अजिंठा_एसक्यूएल (छत्रपती संभाजीनगर)

मायएसक्यूएलवाल्यांसाठी एक गोष्ट. मायएसक्यूएल आठच्या डिफॉल्ट कोलेशनमधी (अक्षरांच्या तुलनेच्या नियमात) कॅपिटल-स्मॉल एकच धरतात, त्यामुळं नुसत्या लोअरसाठी फंक्शन इंडेक्स लागतच नाही, उलट क्वेरीत उगाच लोअर लावून लोक चांगला इंडेक्स वाया घालवायलेत. आणि जिथं लागतो तिथं तो आतून लपलेला व्हर्च्युअल (न साठवता लागेल तेव्हा काढलेला) जनरेटेड कॉलमच असतो. म्हणजे तुम्ही दोघं भांडताय ते आमच्याकडं एकच आहे.

गोदातीर (नांदेड)

ओरॅकलमधीही आतून लपलेला कॉलमच तयार होतो, एसवायएस-एनसी अशा नावाचा. त्याचे स्टॅटिस्टिक्स पाहिजेत तर इंडेक्स केल्यावर टेबलाचे स्टॅट्स परत गोळा करावे लागतात, तेच तुमच्या ॲनालाइझसारखं.

पण बालाघाट भाऊंच्या बाजूनं मी एक सांगतो, हे मी जवळून बघितलंय, ठिकाण सांगत नाही. स्वतः लिहिलेल्या फंक्शनवर इंडेक्स होता. फंक्शनवर डिटरमिनिस्टिक (इम्युटेबलसारखंच वचन) लिहिलं नाही तर ओआरए-३०५५३ हा ओरॅकलचा एरर येतो, ते लोकांना माहीत असतं म्हणून लिहून मोकळे होतात. पुढं एका डेव्हलपरनं संध्याकाळी ते फंक्शन काढून नव्या नावानं केलं. इंडेक्स डिसेबल्ड. आणि लोकांना वाटतं की इंडेक्स बंद पडला तर फार तर सर्च हळू होईल, तसं नाही, त्या टेबलात इन्सर्टच बंद झाले, ओआरए-३०५५४. रात्रभर लोक नेटवर्क तपासत बसले. युझर-इंडेक्सेस व्ह्यूमधी फंकआयडीएक्स-स्टेटस हा कॉलम आधी बघितला असता तर तिथंच कळालं असतं. फंक्शन परत व्हॅलिड करून इंडेक्स एनेबल नाहीतर रिबिल्ड.

नुसत्या अपर (सगळं कॅपिटल करणारं), ट्रंक (तारीख-आकडा छाटणारं) असल्या बिल्ट-इन फंक्शनवर इंडेक्स असंल तर मला काही भीती नाही. घरी लिहिलेल्या फंक्शनवर असंल तर मी दहादा विचारतो.

बालाघाट_बीड

गोदातीर दादा, हेच मला म्हणायचं होतं पण माझं उदाहरण याहून वाईट आहे कारण त्याच्यात एररही नाही.

आपल्याकडं जिल्ह्यांची नावं बघा. जुन्या डेटात औरंगाबाद, उस्मानाबाद, इंग्रजी स्पेलिंग वेगळी, मराठी वेगळी, आणि २०२३ ला नावं अधिकृत बदलल्यावर छत्रपती संभाजीनगर, धाराशिव. एका ठिकाणी जिल्ह्याचं नाव एकसारखं करणारं फंक्शन होतं, ते आतून एका लहान टेबलात बघून उत्तर द्यायचं. टेबल वाचणारं फंक्शन इम्युटेबल असूच शकत नाही, पण इंडेक्स व्हावा म्हणून तसं लिहून टाकलं. पोस्टग्रेस तपासत नाही, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो. मग त्या लहान टेबलात उस्मानाबादच्या जागी धाराशिव केलं. इंडेक्सला याचा पत्ताच नाही, त्यात जुन्या ओळी उस्मानाबाद म्हणूनच बसलेल्या. धाराशिव शोधलं की इंडेक्समधून फक्त नव्या ओळी यायच्या, आणि महिन्याच्या मोठ्या रिपोर्टात प्लॅनर अख्खं टेबल वाचायचा तेव्हा सगळ्या यायच्या. एकाच प्रश्नाला दोन उत्तरं, आणि दोन्ही कागदावर छापलेली! अनुदानाच्या यादीत असं झालं तर कुण्या शेतकऱ्याचं नाव गळंल याचा विचार करा. म्हणून मी एवढा भांडतोय, वेगाचा प्रश्न नाही हा.

मांजराकाठ (लातूर)

उदाहरण खरंच गंभीर आहे आणि असं फंक्शन इंडेक्समधी जायलाच नको, यात माझं दुमत नाही. पण भाऊ, दोष कशाला द्यायचा ते बघा. जनरेटेड कॉलमलासुद्धा इम्युटेबलच फंक्शन लागतं. तेच खोटं तिथं बोललं तर कॉलममधीही उस्मानाबादच साचून राहणार. इंडेक्स काढून कॉलम केल्यानं खोटं खरं होत नाही.

बालाघाट_बीड

साचून राहील, पण दिसंल तरी! कॉलम सिलेक्ट करून डोळ्यानं बघता येतो. साठवलेलं नाव आणि फंक्शन आज देतं ते नाव जिथं वेगळं आहे त्या ओळी एका क्वेरीत निघतात. इंडेक्सच्या पोटात काय आहे ते सिलेक्टनं कसं बघणार?

मांजराकाठ (लातूर)

सिलेक्टनं नाही, पण अमचेक हे इंडेक्स तपासणारं एक्स्टेंशन (पोस्टग्रेसची जोडणी) आहे. त्याच्यात हीप-ऑल-इंडेक्स्ड चालू करून तपासणी केली, पोस्टग्रेस ११ पासून आहे हे, तर टेबलातल्या प्रत्येक ओळीसाठी इंडेक्सची नोंद नव्यानं काढून ती इंडेक्समधी आहे का बघतं. फंक्शन बदलून शिळा झालेला इंडेक्स त्यात सापडतो. मग रीइंडेक्स (इंडेक्स नव्यानं बांधणं) कॉन्करंटली. फंक्शन बदललं की रीइंडेक्स, हे मायग्रेशनच्या (डेटाबेसमधले बदल लिहायच्या) त्याच फाइलमधी लिहायचं, वेगळं आठवणीवर ठेवायचंच नाही.

पूर्णा_परभणी

सर, मी एमसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट जँगो या पायथॉन फ्रेमवर्कमधी करायले. नावाच्या लोअरवर इंडेक्स केला, ॲनालाइझ पण केलं, तरी एक्सप्लेनमधी सीक्वेन्शियल स्कॅनच (अख्खं टेबल वाचणं) यायलाय. क्वेरी मी हातानं लिहिलेली नाही, आय-एक्झॅक्ट फिल्टर (कॅपिटल-स्मॉल न बघता जुळवणारा) वापरलाय. टेबलात सध्या तीनशेक नावं आहेत.

गोदातीर (नांदेड)

ताई, दोन गोष्टी एकदम झाल्यात. जँगोचा आय-एक्झॅक्ट पोस्टग्रेसवर अपर लावतो, लोअर नाही. एक्सप्लेनमधली फिल्टरची ओळ वाचा, अपर दिसंल. त्यामुळं इंडेक्स अपरवर करा, जँगो ३.२ पासून मॉडेलमधीच एक्स्प्रेशन इंडेक्स लिहिता येतो. दुसरं, तीनशे ओळी दोन-चार पानांत बसतात, तिथं अख्खं टेबल वाचणंच स्वस्त, प्लॅनर बरोबर करायलाय. खोटा डेटा लाखभर ओळी भरून बघा, नाहीतर तपासण्यापुरतं एनेबल-सीकस्कॅन (सीक्वेन्शियल स्कॅनची सेटिंग) ऑफ करून बघा. ते प्रॉडक्शनला ठेवायचं नाही.

पूर्णा_परभणी

अपरच होतं सर! इंडेक्स बदलून लाखभर ओळी भरल्या, आता इंडेक्स स्कॅन आला. पण मराठीतली नावं अजून सापडत नाहीत. कुऱ्हाडे आडनाव दोन जणांनी टाइप केलं, स्क्रीनवर सारखंच दिसायलंय, तरी एक सापडतं आणि एक नाही.

मांजराकाठ (लातूर)

हा प्रश्न लई महत्त्वाचा आहे आणि आपल्याच लोकांनी सोडवायचा आहे. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नसतं, त्यामुळं अपर-लोअर मराठी नावाला काहीच करत नाहीत. कुऱ्हाडेतला तो ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ आणि हलंत, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. डोळ्याला एक, डेटाबेसला दोन. पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ फंक्शन आहे, ते र आणि वेगळा नुक्ता यांचा एक ऱ करून देतं, पण जॉइनरवालं रूप त्याच्या नियमात येत नाही, ते रिप्लेस लावून स्वतः बदलावं लागतं. नॉर्मलाइझ, रिप्लेस, ट्रिम तिन्ही खरोखर इम्युटेबल आहेत, त्यांचं एक लहान फंक्शन करा आणि त्याच्यावर इंडेक्स. शोधायला आलेल्या नावालाही तेच फंक्शन लावायचं. स्वतःच्या स्कीमातलं (डेटाबेसमधल्या कप्प्यातलं) काही आत वापरलं तर स्कीमाचं नाव पुढं लावून लिहा, नाहीतर डंप (बॅकअप) रिस्टोअर करताना सर्च-पाथ (कोणत्या स्कीमात शोधायचं ती यादी) रिकामा असतो आणि फंक्शन सापडत नाही म्हणून इंडेक्सच होत नाही. पोस्टग्रेस १७ पासून तर इंडेक्स करताना, रीइंडेक्स करताना पण तसाच मर्यादित सर्च-पाथ असतो.

बालाघाट_बीड

ताई, हे फंक्शन भाऊंनी सांगितलं तसंच लिहा, चांगलं आहे. पण ते इंडेक्सवर नका लावू, नाव आत येतानाच लावा आणि साफ नाव वेगळ्या कॉलमात ठेवा. उद्या तुम्हाला आणखी एक कीबोर्ड सापडंल, तुम्ही फंक्शनमधी आणखी एक रिप्लेस वाढवाल, आणि त्या दिवशी रीइंडेक्स करायचं कुणाच्या ध्यानात राहील? तुमचं टेबल नवीन आहे, लॉकची काळजी नाही, कॉलम वाढवायला हीच वेळ.

मांजराकाठ (लातूर)

नवीन टेबल असंल तर कॉलम करा, मी अडवत नाही. आमच्या दहा लाखांच्या चालू टेबलात मी इंडेक्सच ठेवणार, आणि पीजी-स्टॅट-युझर-इंडेक्सेसमधी आयडीएक्स-स्कॅनचा (इंडेक्स किती वेळा वापरला तो) आकडा वाढतोय का ते बघत राहणार. भाऊ, तुमच्याकडं चालू टेबलात स्टोअर्ड कॉलम लॉक न लावता कसा वाढवता ते लिहा. साधा कॉलम, ट्रिगर (ओळ आली-बदलली की आपोआप चालणारं फंक्शन) आणि थोड्याथोड्या ओळी भरणं असंच करत असाल तर अर्धवट भरलेल्या काळात सर्च कशावर चालवता?

बालाघाट_बीड

तसंच करतो. भरणं पूर्ण होईस्तोवर सर्च जुन्या एक्स्प्रेशनवरच, आणि हो, तेवढ्या काळापुरता त्याच्यावर फंक्शन इंडेक्स लागतो. भरून झालं, फरक काढणाऱ्या क्वेरीत एकही ओळ उरली नाही की सर्च नव्या कॉलमवर न्यायचा आणि तो इंडेक्स ड्रॉप. ट्रिगर आधी लावायचा, भरणं नंतर, हा क्रम उलटा झाला तर मधल्या काळात आलेल्या ओळी रिकाम्या राहतात.